शेख जैनुद्दीन आणि सुलतानाचा प्याला

रमजानचा रोजा म्हणजे केवळ पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत उपाशी राहणे नव्हे, हे आता मुस्लिमेतर वाचकांनाही ठाऊक आहे. घरात पाणी असते, ताटात अन्न असते, बघणारे कुणी नसते. तरीही हात पुढे जात नाही. माणसाने स्वतःला घातलेला हा आवर म्हणजे रोजा. कुरआनने रोजाचा हेतू सांगताना ‘तकवा’ हा शब्द वापरला आहे. ईश्वराचे भान ठेवून वागणे आणि मोहाच्या क्षणी थांबता येणे, असा त्याचा सोपा अर्थ. जो महिनाभर दिवसा हलाल अन्नपाण्यापासूनही दूर राहू शकतो, त्याला हराम गोष्टींपासून वर्षभर दूर राहणे जमावे, अशी त्यामागची शिकवण आहे.

सूफी संतांनी मनातील ओढीला ‘नफ्स’ म्हटले. नफ्सच्या तीन अवस्था मानल्या जातात. पहिली वाईटाकडे ढकलणारी, दुसरी चुकल्यावर स्वतःलाच दोष देणारी आणि तिसरी शांत, समाधानी. पहिलीतून दुसरीत येणे म्हणजेच सवय मोडण्याची सुरुवात. ही वाट सामान्य माणसाला कठीण आहेच. पण ज्याला जाब विचारणारा कुणीच नाही, अशा राजाला ती किती कठीण असेल? आणि त्या राजाला तोंडावर नाही म्हणणाऱ्या फकिराला? या दोघांची कहाणी आपल्या महाराष्ट्राच्याच भूमीवर घडली आहे. ती आहे खुलताबादचे ख्वाजा जैनुद्दीन शिराझी यांची.

नाशिकहून येवला, वैजापूरमार्गे वेरूळची लेणी पाहायला जाणारे लोक पुढे खुलताबादला हमखास जातात. कुणी भद्रा मारुतीच्या दर्शनाला जातो, कुणी दर्ग्यावर. तिथल्या एका दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची साधी, उघडी कबर आहे, म्हणून तो दर्गा बहुतेकांना माहीत असतो. पण दर्गा ज्यांचा आहे, ते जैनुद्दीन या बादशहाच्या तीनशेहून अधिक वर्षे आधी होऊन गेले. त्यांच्या आयुष्यात राजदरबारापासून लांब राहण्याचाच आग्रह दिसतो.

विद्वत्तेचा मोह

जैनुद्दीन यांचा जन्म हिजरी ७०१ मध्ये, म्हणजे इ.स. १३०१-०२ च्या सुमारास, इराणमधील शिराझ येथे झाला. मक्केची यात्रा करून ते दिल्लीला आले. तिथे मौलाना कमालुद्दीन सामानवी यांच्याकडे त्यांनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले. इ.स. १३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन तिथे राजधानी आणली. दिल्लीतील अनेक विद्वान, कारागीर, अधिकारी आणि फकीर दख्खनमध्ये आले. आपल्या गुरूंसोबत जैनुद्दीनही आले आणि पुढे दौलताबादचे काझी झाले. पंढरपुरात संत नामदेव हयात होते, तो हा काळ.

याच काळात दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलिया यांचे शिष्य शेख बुऱ्हानुद्दीन गरीब दौलताबादला राहत होते. त्यांच्या खानकाहमध्ये, म्हणजे सूफींच्या मठात, ‘समा’ची बैठक होत असे. ईश्वरप्रेमाची कवने गायली जात, ऐकणारे तल्लीन होत. काझी जैनुद्दीन यांना हे पसंत नव्हते. धर्मशास्त्राच्या कसोटीवर अशा बैठकी उतरतात का, असा त्यांचा प्रश्न होता. तरुण, विद्वान, अधिकारपदावरचा माणूस. त्याच्या शब्दाला शहरात वजन होते.

पुढे त्यांचे प्रश्न बुऱ्हानुद्दीन यांच्यापर्यंत गेले. उत्तरे मिळाली आणि समाधान झाले. इथपर्यंत आले की बरेच विद्वान थांबतात. मनातून पटलेले असते, पण चारचौघांत आपले आधीचे मत चुकले असे म्हणवत नाही. जैनुद्दीन थांबले नाहीत. ज्यांच्यावर टीका करत होते, त्यांच्याच हातावर त्यांनी बैअत केली, म्हणजे शिष्यत्वाची शपथ घेतली. दारू किंवा जुगार यांचा मोह सगळ्यांना दिसतो. आपले म्हणणेच खरे मानण्याचा मोह मात्र दिसत नाही, उलट त्याला मानही मिळतो. जैनुद्दीन यांच्या आयुष्यात सुटलेली पहिली सवय ही होती.

गुरूही तसेच भेटले. बुऱ्हानुद्दीन यांच्यावर तरुणपणी नव्हे, चांगल्या पिकल्या वयात एक प्रसंग गुदरला होता. गुडघे दुखतात म्हणून ते घोंगडीची घडी करून तिच्यावर बसू लागले. कुणीतरी निजामुद्दीन औलियांच्या कानावर घातले की बुऱ्हानुद्दीन आता गादी घालून पीरासारखे बसतात. औलिया नाराज झाले आणि त्यांनी शिष्याला भेट नाकारली. शेवटी अमीर खुस्रो स्वतःच्या गळ्यात पगडी अडकवून, अपराध्यासारखे गुरूंसमोर उभे राहिले आणि त्यांनी मित्रासाठी क्षमा मागितली. तेव्हा कुठे बुऱ्हानुद्दीन यांना पुन्हा प्रवेश मिळाला. एका घोंगडीची ती काय किंमत! पण सूफींच्या दृष्टीने सवय अशीच लहान होऊन, एखाद्या खऱ्या गरजेचा हात धरून घरात शिरते. हा धडा स्वतः भोगलेल्या माणसाच्या हाताखाली जैनुद्दीन घडले. बुऱ्हानुद्दीन यांच्या निधनानंतर तेच त्यांचे उत्तराधिकारी झाले.

दिल्लीहून परत दख्खनला

इ.स. १३४६-४७ च्या सुमारास तुघलक सुलतानाने दौलताबादच्या रहिवाशांना पुन्हा दिल्लीला चलण्याचा हुकूम दिला. जैनुद्दीन यांनाही जावे लागले. तिकडच्या मुक्कामात त्यांनी आपल्या परंपरेतील थोर संतांच्या समाध्यांचे दर्शन घेतले. १३५१ मध्ये मुहम्मद बिन तुघलक वारला. नवा सुलतान फिरोजशहा याने परवानगी दिल्यावर ते दख्खनला परतले. दिल्लीत राहिले असते तर राजधानीतले मोठे पीर म्हणून नाव झाले असते. ते आपल्या गुरूंच्या कबरीजवळ येऊन राहिले.

दरम्यान दख्खनचे चित्र बदलले होते. १३४७ मध्ये हसन गंगू याने तुघलकांपासून वेगळे होऊन बहामनी राज्य स्थापन केले होते. राजधानी होती गुलबर्गा. १३५८ मध्ये त्याचा मुलगा मुहम्मदशहा गादीवर बसला. नव्या राजाला प्रजेची मान्यता हवी असते आणि त्या काळी संतांच्या पाठिंब्याखेरीज ती पुरी होत नसे. दख्खनमधील पीर आणि शेख मंडळींनी नव्या सुलतानाशी निष्ठेची शपथ घेतली. एकट्या जैनुद्दीन यांनी ती घेतली नाही. कारण त्यांनी लपवले नाही. सुलतान दारू पितो आणि धर्माने मना केलेल्या गोष्टी करतो, म्हणून आपण त्याच्या नावाने शपथ घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

त्यांनी सुलतानाविरुद्ध लोकांना भडकावले नाही की दरबारात जाऊन तमाशाही केला नाही. नुसता होकार दिला नाही.

नशेत काढलेली वरात

सुलतानाच्या त्या सवयीची किंमत काय होती, हे इतिहासकार फिरिश्ताने लिहून ठेवले आहे. फिरिश्ता आधी अहमदनगरच्या निजामशाहीत आणि नंतर विजापूरच्या आदिलशाही दरबारात होता. त्याने १६०६ च्या सुमारास फारसीत दख्खनचा इतिहास लिहिला.

त्याने सांगितलेली हकिगत १३६६ च्या सुमाराची आहे. गुलबर्ग्याच्या दरबारात मैफल रंगली होती. दिल्लीहून आलेले गायक अमीर खुस्रोंची कवने गात होते. सुलतान प्यायलेला होता. खूश होऊन त्याने गायकांना बिदागी जाहीर केली. पण ती आपल्या खजिन्यातून नव्हे, तर विजयनगरच्या राजाच्या खजिन्यातून! राजाच्या नावाने तशी वरात लिहा, म्हणजे पैसे देण्याचा हुकूम काढा, असे त्याने वजिराला फर्मावले. वजीर सैफुद्दीन घोरी अनुभवी होता. नशेतले बोलणे सकाळी विरून जाईल, असे समजून त्याने कागद पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी सुलतानाने विचारले, कागद गेला का? गेला नाही, हे कळताच तो चिडला. माझा शब्द पोकळ समजता काय, असा त्याचा सवाल होता. मग कागद खरोखरच पाठवला गेला.

व्यसनाचे हे दुसरे रूप पहिल्यापेक्षा वाईट असते. नशेतली चूक शुद्धीवर आल्यावर सुधारता येते. पण शुद्धीवर आलेला माणूस मान राखण्यासाठी त्याच चुकीला चिकटून बसला, तर मग तिला आवरणारे कुणी उरत नाही.

बुक्करायाच्या विजयनगरने हा अपमान सहन केला नाही. कागद घेऊन गेलेल्या माणसाची गाढवावरून धिंड काढली गेली. विजयनगरची फौज तुंगभद्रा ओलांडून आली, तिने मुदगलचा किल्ला घेतला आणि तिथल्या शिबंदीची कत्तल झाली. सुलतानाने सूडाची शपथ घेतली. त्यानंतरच्या युद्धात दोन्हीकडची माणसे मारली गेली. फिरिश्ताने दिलेले आकडे अवाढव्य आहेत. ते बाजूला ठेवले तरी गावेच्या गावे उजाड झाली आणि हातात शस्त्र नसलेले लोकही वाचले नाहीत, हे उरतेच. शेवटी तह झाला. निरपराधांना मारणे कोणत्याच धर्माला मान्य नाही, हे विजयनगरच्या वकिलांचे म्हणणे सुलतानाने मानले. यापुढे लढाईत नसलेल्यांना आणि कैद्यांना मारणार नाही, असे वचन त्याने दिले. गायकांची बिदागीही मिळाली. एका रात्रीच्या लहरीचा हा हिशेब होता.

चटई आणि काठी

याच युद्धाच्या काळात सुलतान मेला अशी अफवा दख्खनभर पसरली. दौलताबादचा सुभेदार बहराम खान माझंदरानी याने बंड केले. त्याला एका मराठा सरदाराची साथ होती. आजच्या नाशिक जिल्ह्यातील बागलाणच्या राजानेही त्याला मदत पाठवली. सुलतान जिवंत होता आणि वेगाने चालून आला. पैठणच्या परिसरात बंडखोरांची फळी मोडली. बहराम खान आणि त्याचा साथीदार पळून दौलताबादला आले आणि जैनुद्दीन यांच्याकडे सल्ला मागायला गेले. किल्ला लढवायचा की सोडायचा?

ज्या सुलतानाला शेखनी मान्यता दिली नव्हती, त्याचे शत्रू दारात उभे होते. त्यांना लढण्याचा आशीर्वाद द्यावा, असा मोह कुणालाही झाला असता. शेखनी तसे केले नाही. मालमत्तेची आशा सोडा, बायकामुलांना घ्या आणि गुजरातची वाट धरा, असा सल्ला त्यांनी दिला. ते निघून गेले. वेढा पडला नाही, रक्तही सांडले नाही.

सुलतान दौलताबादला पोहोचला तेव्हा बंडखोर निसटले होते. आता सगळा राग शेखवर आला. आधी शपथ नाकारली, आता शत्रूंना वाट दाखवली! सुलतानाने हुकूम पाठवला: दरबारात हजर व्हा, नाहीतर निष्ठेच्या कागदावर आपल्या हाताने सही करून द्या.

शेखनी उत्तरादाखल एक गोष्ट सांगून पाठवली. तीन माणसे कैदेत सापडली. एक विद्वान, एक सय्यद आणि एक हिजडा. आपल्या श्रद्धेविरुद्ध मस्तक टेकवा, नाहीतर मरायला तयार व्हा, असा हुकूम झाला. विद्वानाने शास्त्र आठवले. जीव वाचवण्यासाठी शास्त्रात सवलत आहे, म्हणून त्याने मस्तक टेकवले. सय्यदानेही तेच केले. हिजड्याची पाळी आली. त्याने विचार केला की आपला सारा जन्म चुकांत गेला. ना आपल्याकडे विद्या, ना थोर कुळ, ज्यांच्या आधाराने उद्या क्षमा मागता येईल. आपल्यापाशी आहे ती एवढी श्रद्धाच; तीही दिली तर उरले काय? त्याने मरण पत्करले. आपली अवस्था त्या तिसऱ्या माणसासारखी आहे, असे शेखनी कळवले.

हे सांगणारा माणूस स्वतः काझी राहिलेला होता. सवलत कुठे मिळते, हे त्याच्याइतके कुणाला माहीत असणार? तरीही त्याने स्वतःची तुलना विद्वानाशी केली नाही. समाजाने ज्याला सर्वांत खालच्या पायरीवर ठेवले, त्याच्याशी केली. मोहाला नकार देण्याचे बळ पांडित्यातून येत नाही, ही शेखची समजूत त्यात दिसते.

सुलतानाने त्यांना शहर सोडून जाण्याचा हुकूम दिला. शेखनी खांद्यावर नमाजाची चटई घेतली, हातात काठी घेतली आणि ते थेट गुरू बुऱ्हानुद्दीन यांच्या कबरीपाशी गेले. तिथे काठी रोवली, चटई अंथरली आणि बसले. आता इथून उठवणारा पुढे येऊ दे, एवढेच त्यांनी कळवले.

सैन्य, किल्ला, खजिना सगळे सुलतानाकडे होते. तरीही तो पुढे आला नाही. बळाने फकीर उठवता आला असता. पण बळाने त्याची संमती मिळाली नसती, आणि हवी होती ती संमतीच. सुलतानाला पश्चात्ताप झाला. त्याने आपल्या धर्माधिकाऱ्याच्या हाती आपलेपणा मागणारा निरोप पाठवला.

पहिली पायरी

शेखची गोष्ट इथे संपली असती तर ती केवळ एका स्वाभिमानी फकिराची गोष्ट राहिली असती. जिंकलेला माणूस सहसा अटी वाढवतो. शेखनी तसे केले नाही. त्यांनी ज्या गोष्टी सुचवल्या, त्या सुलतानाला करता येण्याजोग्या होत्या. राज्यातील दारूचे गुत्ते बंद करावेत. स्वतः लोकांसमोर पिणे सोडावे आणि वडिलांच्या वाटेने चालावे. काझी आणि विद्वानांना लोकांच्या आचरणाकडे लक्ष द्यायला सांगावे. एवढे झाले तर जैनुद्दीनइतका जवळचा मित्र सुलतानाला मिळणार नाही.

लोकांसमोर पिऊ नये, एवढीच अट पाहून काहींना ही तडजोड वाटेल. पण इस्लाममध्ये खुद्द दारूची मनाई टप्प्याटप्प्याने आली. दारूत थोडा फायदा असला तरी तिचे नुकसान मोठे आहे, हे आधी सांगितले गेले. मग नशेत नमाजला उभे राहू नका, असा आदेश आला. दिवसातून पाच वेळा नमाज असल्याने पिण्याला वेळच कमी उरला. अखेरीस संपूर्ण मनाई आली, तेव्हा मदिनेच्या लोकांनी साठवलेली दारू गल्ल्यांत ओतून दिली. तोवर त्यांची मने तयार झाली होती. वर्षानुवर्षांची सवय कशी सुटते, याची ही जाण धर्मशास्त्राच्या त्या अभ्यासकाला असणारच. शिवाय राजा सर्वांसमोर पितो तेव्हा दरबारी पितात, आणि दरबारी पितात म्हणून बाजारही पितो. उघड पिणे थांबले की पिण्याची प्रतिष्ठा जाते. गुत्ते बंद झाले की गरिबाच्या वाटेतला रोजचा मोह कमी होतो. म्हणजे शेखनी एका माणसाच्या सवयीबरोबर तिला पोसणाऱ्या परिस्थितीवरही बोट ठेवले होते.

त्यांनी आणखी एक केले. त्या निरोपात सुलतानाचा उल्लेख त्यांनी ‘गाझी’ या मानाच्या बिरुदाने केला. ज्याच्याकडून वर्षानुवर्षे होकार मिळाला नव्हता, त्याच्याकडून हा शब्द आल्यावर सुलतान हरखून गेला आणि त्याने तो आपल्या बिरुदावलीत घालायला लावला. सवय सोडू पाहणाऱ्याला उपदेश पुष्कळ मिळतो, मान कुणी देत नाही. शेखनी नकार दिला तोही मोकळेपणाने आणि मान दिला तोही मोकळेपणाने.

गुलबर्ग्याला परतल्यावर सुलतानाने राज्यातील दारूचे गुत्ते बंद करण्याचा हुकूम काढला. शेखशी त्याचा पत्रव्यवहार पुढेही चालू राहिला. खानदेशातही शेखचा शब्द पोहोचला होता. थाळनेरहून राज्य करणारा, फारुकी घराण्याचा संस्थापक मलिक राजा हा त्यांचा शिष्य होता. पुढे तापीकाठी बुऱ्हानपूर वसले ते गुरूच्या नावाने आणि समोरच्या काठावर जैनाबाद वसले ते शिष्याच्या नावाने. नदीच्या दोन तीरांवर गुरुशिष्यांची ही जोडी आजही आहे.

हिजरी ७७१ मध्ये, म्हणजे इ.स. १३६९ च्या सुमारास, शेख जैनुद्दीन यांचे निधन झाले. चिश्ती परंपरेच्या साखळीत ते बाविसावे, म्हणून त्यांना ‘बाईस ख्वाजा’ म्हणतात. दोन राजे ज्यांचा शब्द मानत होते, त्यांना मोठी गादी चालवणे अवघड नव्हते. त्यांनी आपला वारस नेमलाच नाही. तोही मोह त्यांनी बाहेरच ठेवला.

आज सवयींची नावे बदलली आहेत. कुणाची दारू, कुणाचा गुटखा, कुणाचा सट्टा, कुणाचा रात्री दोनपर्यंत हातातून न सुटणारा मोबाइल. रमजानमध्ये पहाटेपासून संध्याकाळपर्यंत तंबाखूची पुडी खिशात तशीच राहते आणि माणूस मरत नाही, उलट संध्याकाळी थोडा अभिमानच वाटतो. तेरा-चौदा तास जे जमले ते इफ्तारनंतर का जमू नये, हा प्रश्न त्या खिशातूनच विचारला जातो. उत्तर ज्याचे त्याने द्यायचे. मात्र घरातल्यांना, मित्रांना शेखकडून घेण्यासारखे काही आहे. चुकीच्या गोष्टीला संमती द्यायची नाही, मग समोरचा कितीही मोठा असो. आणि तो एक पाऊल मागे आला, तर त्याला उरलेल्या शंभर पावलांची यादी वाचून दाखवायची नाही. त्या एका पावलाचा मान ठेवायचा. सहाशे वर्षांपूर्वी दौलताबादेत एका सुलतानाचा प्याला खाली आला तो अशाच रीतीने.